पारसिकच्या पलीकडून

नाही हो बाई, मार्कांचं काही नाही — एक मार्क गेला तर जाऊ दे, मी काय मार्कांसाठी भांडणारी आई आहे का — म्हणजे आहे, पण आज नाही. आज सान्वीच्या ह्या चित्रापायी आलेय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. हे हेल्मेट इथे बाकावर ठेवू ना? सगळे बघतात, रंगच असला भडक नारिंगी — नवऱ्याने, सुश्रुतने, मुद्दाम आणला, ट्रकवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. स्कूटरवर ठेवलं की जातं चोरीला.

तर चित्र. ‘आमच्या घरातून दिसणारा सूर्यास्त’. तुम्ही लाल पेनाने लिहिलंत, सूर्य पारसिकमागे मावळत नाही, येऊरच्या डोंगरामागे मावळतो. बरोबरच आहे तुमचं. इथे ठाण्याला, बाळकुमला आमच्या खिडकीतून पारसिक दिसतो तो उगवतीकडे. पण हिचा डोंगर चुकलेला नाही हो — हा बघा खाणीने खाल्लेला खांदा, हा टॉवर, आणि मागे हा नारिंगी अर्धा गोळा — सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त पलीकडून. डोंबिवलीहून. माझ्या आईच्या गच्चीवरून तो असाच दिसतो. तसं ह्या डोंगरांना कोण विचारतं म्हणा — लोकांना माथेरान माहीत, लोणावळा माहीत, पारसिकचं नाव रेल्वेच्या बोगद्यापुरतं. गच्चीच्या दुसऱ्या अंगाला मलंगगड, तावली, चंदेरीचा सुळका, अख्खी रांग उभी असते, आणि जन्म डोंबिवलीत काढलेल्यांना विचारा नावं! मला तरी कुठे येत होती? हिला येतात. आजी जेवण भरवायची ना — हा घास मलंगगडाचा, हा चंदेरीचा — आणि पारसिकचा घास शेवटी, कारण त्याच्यामागे आई असते.

हो, म्हणजे — सान्वी तिथेच होती, आजीकडे. दोन वर्षांची असल्यापासून. वागळे इस्टेटला माझी नोकरी, ह्याच्या शिफ्ट, पाळणाघरात ठेवलं की हिला ताप — कोणी काही म्हणत नाही, मीच म्हणते स्वतःला. शुक्रवारी सुटले की स्कूटरने मुंब्रा बायपासवरून डोंगराला वळसा घालून जायचे, रविवारी ती झोपली की परत. झोपली की. जागी असताना निघायची हिंमतच नव्हती. ह्या जूनमध्ये आणली, पहिलीला, आपल्या घरी. आणि ‘आमच्या घरातून’ म्हटल्यावर तिने हे काढलं!

काय समजायचं मी? दिवाळी आली तरी फ्रॉक कपाटात ठेवू देत नाही, बॅगेतून काढते, धुऊन आला की बॅगेत ठेवते. मला विचारते, आई, पाणी पिऊ? स्वतःच्या घरात कोणी विचारून पाणी पितं का, बाई? चित्राचं मी तिला विचारलंच नाही. मुलांचं मन कसं ओळखावं त्यावर एवढं वाचलंय मी, आणि साधं एक विचारायला घाबरले. काय सांगेल, कोण जाणे.

बाई — शाळा सोडल्याचा दाखला किती दिवसांत मिळतो? नाही, आपलं सहज. सहज नाही. आईशी बोलून झालंय, सुश्रुतला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला जाणारच आहोत, तेव्हा तिला तिथेच — तिच्या डोंगरापाशी. असं बघू नका ना. हट्टाने आणली, आता काय हट्टानेच ठेवू? दमले हो मी. पोरगी पाहुण्यासारखी वागते आणि मी पाहुणचार करते, असं किती दिवस चालणार?

अगं सान्वी, दारात काय उभी? ये, आत ये. ते हेल्मेट राहू दे, आधी इकडे बघ. हे तुझं चित्र ना? बाईंना सॉरी म्हण. म्हण, बाई, सूर्याची जागा चुकली. म्हण गं —

“सूर्य नाहीये तो. तुझं हेल्मेट आहे. तू मला न्यायला येतेयस.”