पडद्यावर मायचं नाव

अरे, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझ्यासोबत रामटेके सर होते ना, त्यांचं सांगतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं दिसावीत म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या आत बसवायचं नवीन कार्ड मागवलं आणि ते बघायला खेड्यावरून आपल्या मायला आणलं. कार्ड बसवलं, तर पडदा काळाच!

"बिघडलं काय रे?" मायनं विचारलं.

मी मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर आधीच्या, इंग्रजी अक्षरांच्या जुन्याच कार्डात होती. ती नव्या कार्डात खोचली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. सरांनी मायचं नाव टाइप केलं.

"माय, हे तुह्यं नाव."

माय कधी शाळेत गेली नव्हती. तिनं त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"बंद केल्यावर माह्यं नाव कुठी जाते रे?"

संध्याकाळी बटण बंद करायला सरांचा हात धजेना. शेवटी मीच केलं.