टोचणारा आणि बोलणारा

भांडणाऱ्यांना वेगळं करा म्हणता? कलकत्त्याहून गुरांचा डॉक्टर होऊन आलो तेव्हा मीही तेच केलं होतं.

कुरखेड्याकडे गुरांत रोग पसरत होता. एका दिवसात अख्ख्या गावाच्या गुरांना लस टोचायची होती. माझ्या हाताखाली दोघे. नामदेव झपाट्याने टोचायचा; लक्ष्मणभाऊ आधी घरोघरी बसून बोलायचे.

"साहेब, हे बसूनच राह्यले. गुरं मरतीन ना!" नामदेव म्हणाला.

"आन् तू तं चोरावानी गोठ्यात घुसून राह्यला," भाऊ म्हणाले.

मी गाव निम्मं निम्मं वाटून दिलं आणि स्वतःवर खूश झालो. दुपारी पाहतो तर नामदेवकडचे गोठे रिकामे. लोकांनी भिऊन गुरं जंगलात हाकलली होती. भाऊंकडे गुरांची ही रांग, पण टोचून झालेली फक्त चार!

मी खजील होऊन दोघांना एका मोहाच्या झाडाखाली आणलं. भाऊ मालकांशी बोलत राहिले, नामदेव टोचत राहिला. भाऊंचा निरोप गेला तशी जंगलातली गुरंही परतली. दिवस मावळायच्या आत गाव पुरं झालं.

"उद्यापासून तुम्हा दोघांना वेगवेगळं काम देऊ का?" मी नामदेवला विचारलं.

"नको साहेब. हे गप्प बसले का बैलबी उभा राहत नाई."