सातव्या पानावरचा ठिपका

चॅपलमधली प्रार्थना आटोपून ओल्वेन फिरत्या वाचनालयाच्या रांगेत येऊन उभी राहिली. पुढे नेरिस आणि माइर बोलत होत्या.

“नेरिस, पुन्हा तोच सरदार नि तीच राजकन्या? सातव्या पानावर तुझी वाचल्याच्या खुणेची फुली आहे की! वाचलंयस तू हे.”

“फुलीशेजारचा जांभळा ठिपका बघ, माइर.”

“कुणाचा गं?”

“आमच्या एमलिनचा. त्याची सुतारकामाची जांभळी पेन्सिल.”

“अगंबाई! तुझा नवरा तर ‘बायकांची रडगाणी’ म्हणून चिडवायचा तुला!”

“आणि चोरून वाचायचा, लबाड! तो गेल्यावर कळलं मला.”

“मग आता?”

“ठिपकेवाली सगळी पुस्तकं पुन्हा वाचतेय. कुठल्या पानावर डोळे पुसले असतील गं त्याने?”

ओल्वेनने वाचनालयाला परत द्यायला आणलेलं पुस्तक उघडलं. सातव्या पानावर जांभळा ठिपका होता. तिने ते नेरिसपुढे धरलं.