प्रस्थानात बांधलेलं तिकीट

मंडळी, शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा चौथीतच सुटली, शब्दही साधेच येतात.

कोलंबोच्या एका कापडदुकानात मला नोकरी लागली होती. सोलापूर ते कोलंबो, बोटीसकट एकच तिकीट मी आगाऊ काढून ठेवलं. गाडी शुक्रवारी रात्रीची, पण आईचा मुहूर्त बुधवारचा. म्हणून तिनं रिवाजाप्रमाणे तांदूळ-सुपारीचं गाठोडं शेजारच्या सरूमावशीकडे प्रस्थान म्हणून ठेवलं. म्हणजे मी बुधवारीच निघालो असं धरायचं.

गुरुवारी संध्याकाळी मी तिकीट शोधू लागलो.

“प्रस्थानात बांधलंय की,” आई म्हणाली. “तिकिटाबिगर कसलं निगणं?”

मावशीच्या दाराला कुलूप. ती लेकीच्या बाळंतपणाला पुण्याच्या वाटेवरच्या केम गावी गेलेली.

“कुलूप तोडू का?”

“प्रस्थान कुलूप फोडून काडत्यात व्हय? अपशकुन हाय त्यो.”

“आई, गाडी चुकली तर नोकरी दुसऱ्याला जाईल.”

“चुकत न्हाय. केम काय कोलंबोपेक्षा लांब हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या हातावर दही घातलं, आणि कोलंबोला जायला निघालेला मी किल्ली आणण्यासाठी उलट्या दिशेच्या केमच्या गाडीत बसलो.