झोपाळ्याच्या कड्यांना कमठा

...आणि वर मलाच विचारतात, रावजी, तू हल्ली एवढा चिडका का झालास? अरे, चिडू नको तर काय करू? दुपारी जेवून उठलेला माणूस, हात पुसत पुसत पडवीत येतो, डोळे अर्धे मिटलेले, सवयीने मागे बूड टेकायला जातो आणि मागे झोपाळाच नाय! धप्पकन लादीवर. तुम्हाला सांगतो, पडल्याचं दुःख नाय, पण स्वयंपाकघरातून बायको, आमची चिमा, विचारते काय, "लादी फुटली का ओ?" म्हणजे माणूस राहिला बाजूला, हिला लादीची काळजी.

तर विषय माझ्या झोपाळ्याचा.

फणसाची फळी आहे त्याची. तुळईला दोन लोखंडी कड्या, त्यांना साखळ्या. जेवायचं, बसायचं, जमिनीला एक पाय मारायचा आणि मग झोप आपोआप येते, तिला बोलवावं लागत नाय. आणि हा झोपाळा काढला कोणी? आमच्या सुनेने, दीपालीने. पोरगी गुणाची आहे, उगाच खोटं कशाला बोलू. नवरा, म्हणजे आमचा संदेश, मुंबईला कामाला. घर, गुरं, शेत सगळं हीच बघते. पण एके दिवशी डोंगरातून धामणीचा दांडा घेऊन आली. धामण म्हणजे साप नव्हे, झाड; कावडीचा दांडा करतात ते, वाकतं पण मोडत नाय. मी बोललो, कावड करतेस काय गो? तर म्हणते, "नाय बाबा, धनुष्य."

धनुष्य! आमच्या बापजन्मात घरात तीरकमठा आला नव्हता. खेडला बायकांची स्पर्धा होती म्हणे, आणि त्यात कमठा आपल्या हाताने केलेलाच चालतो, विकतचा नाय. मी तोंड उघडणार होतो. चांगलं मोठं उघडणार होतो. पण ती खाली बघत म्हणाली, "लग्नाआधी मी जिल्ह्याला खेळलेय, बाबा. परत एकदा नेम धरायचाय." तोंड उघडलेलं, ते जांभई दिल्यासारखं करून मिटलं.

पण माझा झोपाळा काय गुन्हेगार होता?

तर म्हणे, घरात भार सोसणारी जागा ती एकच. साखळ्या काढल्या, कड्यांना आडवी फळी बांधली, फळीला ठोकळा, ठोकळ्यात कमठ्याची मूठ. कमठ्याला सैल दोरी. त्या दोरीला मिरकरवाड्याहून आणलेला वजनाचा काटा, मासेवाल्या वापरतात तो हुकाचा. काट्यापासून खाली दुसरी दोरी, आणि खाली लादीत... अहो, गणपतीच्या आधी घातलेल्या नव्या लादीत भोक पाडून कप्पी ठोकली! कप्पीतून दोरी थेट समोरच्या भिंतीपर्यंत. आणि मागच्या भिंतीवर कोळशाने आडव्याउभ्या रेघा, वाक सारखा पडतो की नाय ते बघायला. रंग ताजा हो भिंतीचा! येणारा जाणारा विचारायचा, रावजी, फाशी कोणाला देताय? मी सांगायचो, मला.

हे असं का? तर लांब उभं राहून दोरी ओढायची, कमठा वाकतो, मुठीच्या दोन बाजूंना कमठ्याचे दोन हात, त्यातला कुठला जास्त वाकला, कुठला कमी, ते बघायचं, जिथे ताठ आहे तिथे पेन्सिलीने खूण करायची, कमठा उतरवायचा, कानशीने घासायचा, काचेच्या तुकड्याने खरवडायचा, परत चढवायचा, परत ओढायचा. हे दिवसभर. भुसा माझ्या चहात. तुम्हाला सांगतो, लग्नाला पोरगी बघताना एवढी निरखत नाहीत. मी नुसता बसून बघायचो, दुसरं करणार काय, झोप तर गेलेली. एकदा सहज बोललो, "डावा हात आळशी आहे, सगळं उजव्यावरच पडतंय." तर चिमा आतून, "घरात कोणावर तरी गेला असेल."

त्यात हा शेजारचा केरू. टांगलेला काटा दिसला की कोकणातल्या माणसाला राहवत नाय, काहीतरी अडकवून बघितलंच पाहिजे. पहिल्या दिवशी सुरण घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कोंबडी. पाय बांधलेली कोंबडी काट्याला उलटी, फडफडतेय, वर कमठा हलतोय, आणि हा मला विचारतो, "रावजीभाऊ, अडीच भरली ना?" दीपाली आली तशी कोंबडी काखेत मारून पळाला.

बरं, एवढं करून कमठा झाला असता तर मी एक शब्द बोललो नसतो. दीपालीने कबूल केलेलं, कमठा तयार झाला की झोपाळा जागेवर. पण कमठा काही तयार होईना. दोन्ही हात सारखे झाले, वाक झकास पडायचा, पण दोरी सोडली की मेला सरळच होईना. वाकलेला तसाच. माझ्या कमरेसारखा. ती म्हणाली लाकडात ओल आहे, ताकद धरत नाय. आमच्याकडे दिवाळीपर्यंत भिंतींना घाम असतो, तिथे लाकूड कुठून सुकणार? उन्हात ठेवलं तर तडकेल, सावलीत ठेवलं तर बुरशी. स्पर्धा तोंडावर. एका संध्याकाळी तिने कानस खाली ठेवली आणि म्हणाली, "राहू दे बाबा. माहेरचं लग्न आटपून आले की देते तुमचा झोपाळा बांधून."

आता सांगा, मी खूश व्हायला पाहिजे होतो ना? झालो. जरा कमी झालो, पण झालो.

ती माहेरी गेली, तिची एसटी वळणाआड जाते न जाते तोच मी स्टुलावर. फळी काढली, ठोकळा काढला, साखळ्या घातल्या... आहाहा! पण त्या कमठ्याचं करायचं काय? जाताना बजावून गेलेली, फेकू नका हां. कोपऱ्यात ठेवला तर वाळवी. गोठ्यात ठेवला तर म्हैस चावणार. मग आपल्याकडे जपायची वस्तू कुठे ठेवतात? चुलीवरच्या माळ्यावर! बियाणं तिथे, कोयतीचे दांडे तिथे, सुके बांगडे तिथे. दिला सरकवून बांगड्यांच्या टोपलीशेजारी आणि आलो झोपायला. चार दिवस खाली चूल पेटलेली, वर तो धुरात, आणि मी झोपाळ्यावर. चार दिवस राजा होतो राजा.

बेत असा होता की ती यायच्या आधी सगळं परत होतं तसं करायचं. पण ती कोणाच्या तरी गाडीतून दुपारीच आली. मी गाढ. डोळे उघडले तर समोर उभी, हातात पिशवी.

"बाबा, कमठा कुठाय?"

मी काही बोलायच्या आत चिमा आतून ओरडली, "बांगड्यांच्या बाजूला आहे बघ, काढून घे!" बायकोसारखा साक्षीदार वैऱ्याला मिळू नये.

दीपाली आत गेली. मग बाहेर आली. कमठा काजळीने काळा, पण सरळ! सरळ हो, आमच्या मास्तरांच्या छडीसारखा. तिने टोक जमिनीला टेकलं, गुडघ्याने जरा दाबलं, सोडलं. टणकन जागेवर. परत दाबलं, परत टणकन. चुलीच्या धुराने ओल पार गेलेली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. म्हणजे मी काही ठरवून केलेलं नाय, पण शाबासकीला कोण नको म्हणतो? माझ्याकडे बघून हसली, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली काय?

"बाबा, उतरा."

गेला माझा झोपाळा. परत साखळ्या खाली, फळी वर, ठोकळा, काटा, कप्पी. आता म्हणे कमठ्याला सवय लावायची, हळूहळू शेकडो वेळा वाकवून सोडायचा, नाहीतर ऐन वेळी दगा देईल. तिला शेतावर जायचं, चिमाला म्हैस. उरलं कोण? दिलं दोरीचं टोक माझ्या हातात, खुर्ची दिली, काटा पंधरा किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाय म्हणून बजावलं. ओढा, सोडा. ओढा, सोडा. हात दुखले, म्हणून बांधली दोरी पायाला. पाय पुढे, कमठा वाकला. पाय मागे, कमठा सरळ. आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्या मिनिटाला डोळा लागला. पायाला आयुष्यभराची सवय, मेला झोपेतही थांबत नाय.

खेडला गेलो आम्ही सगळे. केरूपण आला, कोंबडीशिवाय. दीपालीने नेम धरला की मैदानावरची झाडून सगळी कुत्री तिच्या मागे येऊन बसायची, कमठ्याला बांगड्यांचा वास ना! पंच हाकलून दमले. पण हिने मान वळवली नाय. तिसरी आली. ढाल दिली. परत येताना गाडीत ढाल माझ्या मांडीवर ठेवून झोपून गेली, लहान पोरीसारखी. मी हललो नाय संगमेश्वरपर्यंत, पाय पार बधिर.

घरी आल्यावर सकाळीच मी साखळ्या बाहेर काढल्या. पुसल्या. खोबरेल लावलं. स्टुलावर चढलो, आणि अंगणात बघतो तर गावातल्या पोरी, प्रत्येकीच्या खांद्यावर धामणीचा दांडा! मागे केरूची बायको. आणि त्या रांगेत शेवटी कोण? आमची चिमा. म्हणते, "मलापण एक पाहिजे. परसात येणाऱ्या वानरांना नुसता दाखवीन."

चुलीवर आता बांगड्यांना जागा नाय, सगळे दांडे. साखळ्या खुंटीला. दुपारी जेवतो, हात पुसतो, खुर्चीत बसतो, कोणीतरी येऊन पायाला दोरी बांधून जातं. तक्रार काय करणार? कड्या माझ्या, तुळई माझी, दुपार माझी... झोके घेतो तो कमठा, आणि पाय मारतो मी.