मुशीच्या तेलाचं वंगण

कल्याणच्या नाक्यावर बैलगाड्या खोळंबल्या होत्या. माझ्या मागच्या गाडीत एक आगरी जोडपं आणि त्यांची लग्नाची मुलगी बसली होती.

"अवो, ही कुत्री का मागं लागलीत? आसाला काय चोपडलंत?"

"मुशीचं तेल. होडीला तेच लावतो ना आपण?"

"ही होडी हाय? जन्मात कधी गाडी हाकली नाहीत, आणि मागून आणलेल्या गाडीचं वंगण पुसून मासळी फासलीत! शहाडचे सोयरे माळकरी. जयाची सुपारी फोडायची, आणि त्यांच्या दारात हा वास?"

"आसाला तेल तर लागतंच."

"मग अकलेला पण लावा थोडं. जये, उतर. आपण चालत जाऊ."

"अगो, बापसाशिवाय सुपारी कशी फुटंल?"

"तिचा मामा फोडील. तुम्ही कुत्री सांभाळा."