पावसाळ्यासाठी सोडलेली फट

...आता मला सांगा, गिटार म्हणजे काय दाराची चौकट आहे? नाही ना? मग तिला पावसाळ्यासाठी फट कशाला सोडायची? पण हे तुम्हाला म्हणतेय हं, घरात नाही. घरात मी नवी सून, मुखेडहून उदगीरला येऊन अजून पहिली पंचमीसुद्धा झाली नाही, त्यामुळे मी आपली गप्प!

तुम्हाला सांगते, आमचे हे, मन्मथ, दिवसभर दुकानात डाळ तोलतात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. करंटवरची. आणि ती वाजायच्या आधीच घुमते... गुंऽऽऽ! सासूबाई आतून ओरडतात, "अरे, गिरणी कुणी चालू केली रे?" तारांखाली तो पिकअप असतो ना, तारेचा आवाज उचलून स्पीकरला देणारा, तो जुनाट झाला होता. शेवटी सासरे, माणिकप्पा, कडाडले, "एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार हाय! चौकात जल्लोष हाय. त्या जल्लोषात ही नीट वाजली तर ठेव, न्हाई तर माळ्यावर!"

माळ्यावर म्हणजे कळलं ना? आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू खाली आलेली कुणी पाहिलेली नाही. आणि मला का एवढं? अहो, मला बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, भाकरी येते का, वरण येतं का. यांनी एकट्यांनीच विचारलं, "गाणी ऐकता का?" मी मान हलवली. त्या एका मानेवर लग्न झालंय माझं! गिटार माळ्यावर गेली तर खाली उरली काय? डाळ!

मग यांनी पुण्याहून नवा पिकअप मागवला. दुहेरी, न घुमणारा. आला, तर गिटारीतली खाच एवढीशी आणि हा तिच्या दुप्पट! लाकूड कोरायला हवं. आता उदगिरात गिटार कोण कोरणार? गल्लीतल्या सगळ्या चौकटी ज्यांनी बसवल्या, ते मडिवाळप्पा सुतार! ते आले, गिटारीवर बोटानं टकटक केलं आणि नाक मुरडलं, "सागवान न्हाई." जसं काही आम्ही फसवलं त्यांना! मग म्हणाले, "बसवायचं काम हाय, पूजा पाहिजे." झालं! सासूबाईंनी गिटारीला विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला आणि त्यातलं पाणीसुद्धा वाटीत धरलं, दुष्काळाचं सांडता कशाला!

यांनी पेन्सिलनं रेघ मारून दिली. "काका, रेघेवरच हं."

"हाव हाव."

पटाशी चालली... टक टक टक... आणि रेघ ओलांडून पुढं! मी बघतेय. सगळं बघतेय. पण नवी सून, मी आपली गप्प! पिकअप खाचेत ठेवला तर धप्पकन आत! कडेच्या स्क्रूला पकडायला लाकूडच नाही.

"काका, रेघ इथं होती!"

"फट ठेवलोय की! पावसाळ्यात लाकूड फुगतंय. मग दार लागलं न्हाई की समदे मलाच बोलतेत."

"पण हे दार न्हाई, काका!"

"लाकूड तर हाय? एक पाऊस पडू दे, कसं गच्च बसतंय बघ!"

पाऊस! अहो, तिकडं लातूरला पाणी रेल्वेनं येतंय, आणि आमची गिटार बसली ढगांच्या भरवशावर! सासूबाई म्हणाल्या, "ओलं फडकं ठेवून फुगवा." सासरे उसळले, "प्यायला न्हाई आन गिटारीला पाजता का!" आणि हे... कडेला उकिडवे बसलेले, तोंड असं, की माझ्यानं बघवेना.

मी उठले. बोलले नाही हं! माहेरी खोऱ्याचा दांडा हलला की आबा पाचर मारतात. जमिनीवर पडलेल्या ढलप्यांतल्या दोन निवडल्या, फटीत दोन्हीकडून घातल्या आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं... ठक, ठक. स्क्रू पिळला. बसला!

मडिवाळप्पा वाकून बघतात, "झ्याक बसविलीस अक्का! पण पाऊस आला की फुगून चिरंल बघ."

येऊ दे की, म्हटलं मनात. पाऊस आला तर चिरलेली गिटारसुद्धा चालेल!

एक मे उजाडला. मांडव, फटाक्यांच्या माळा, बॅनर. सासरे चौकातल्या आमच्या दुकानात टीव्हीसमोर. जाहीर होणार, आता होणार, जेवण झालं की होणार... नाही झाला! लोक उठायला लागले, तेवढ्यात टँकर आला आणि सगळा चौक घागरी घेऊन पळाला. मांडवात उरले एकटे हे. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. परत तीच मान!

आणि वाजवायला लागले... गुंऽऽऽ नाही! नुसता सूर! तुम्हाला सांगते, नळीसाठी भांडणाऱ्या बाया क्षणभर भांडायच्या थांबल्या. सासूबाई भरली घागर डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. आणि दुकानात सासऱ्यांचं बोट... तराजूच्या पारड्यावर ठेका धरत होतं!

घरी आल्यावर यांनी विचारलं, "अप्पा, वाजली न्हवं?"

"वाजली. पण अट काय होती? जिल्ह्याच्या जल्लोषात! जिल्हा कुठं झाला? जिल्हा होऊ दे, मग बघू माळ्याचं. तवर राहू दे खाली."

यांचं तोंड पुन्हा उतरलं. भोळे आहेत हो! जिल्हा होईपर्यंत खाली... अहो, म्हणजे आमची नातवंडं वाजवतील ती! जिल्हा व्हायलाच पाहिजे, होणारच, मलाही वाटतं. फक्त थोडा सावकाश झाला तर... जाऊ दे, आजवर उदगिरात असं कुणी बोललेलं नाही. मी आपली गप्प!